सायकलचे ढिले ब्रेक : तपासणी व दुरुस्ती

मुंबई उपनगरातील पवईच्या टेकड्यांलगतचे रस्ते चढउताराचे असून पावसाळ्यात ते निसरडे होतात. दुधाचे कॅन किंवा भाजीची पाटी लादलेली सायकल उतारावर सहज वेग घेते. अशा वेळी ढिला ब्रेक जिवावर बेतू शकतो.

ब्रेकची मूठ दाबल्यावर हँडलला टेकत असेल, तर ब्रेक ढिला झाला असे समजावे. मात्र लगेच तार ताणू नये. प्रथम कारण शोधावे.

१. रबराच्या खाचा झिजून गेल्या असल्यास दोन्ही रबरे बदलावीत.

२. रिमवरील तेल व चिखल साबणाच्या पाण्याने धुऊन रिम कोरडी पुसावी.

३. चाक डगमगत असल्यास ते आधी सरळ करून घ्यावे.

४. तारेचे धागे तुटले किंवा ती गंजून अडकत असल्यास नवी घालावी.

५. शेवटी रबर व रिम यांत दोन्ही बाजूंस २ ते ३ मिलिमीटर अंतर राहील अशी तार ताणून नट घट्ट करावा.

नंतर सायकल हाताने ढकलत ब्रेक दाबून पाहावा. लोखंडी रिम भिजल्यास नीट ब्रेकही उशिरा लागतो. म्हणून पावसात उतारापूर्वीच वेग कमी करावा.