हशाच्या आडोशाने खून

रेडिओवरच्या खुनाची पहिली पंचाईत अशी, की प्रेत दिसत नाही. रंगमंचावर पडदा वर गेला आणि सोफ्यामागून दोन पाय दिसले, की काम भागते. नभोनाट्यात कुणाला तरी किंचाळावे लागते, दुसऱ्याला धावत यावे लागते आणि तिसऱ्याला ‘अरे देवा, हे तर आपले अप्पासाहेब! आणि पाठीत सुरी!’ असे मोठ्याने सांगावे लागते. प्रेतापुढे उभे राहून कुणी असा तपशील वाचून दाखवू लागला, की हसू येतेच. गंभीर रहस्यनाट्याचा लेखक ते हसू दाबायला धडपडतो. विनोदी खूननाट्याचा लेखक ते मोकळे सोडतो आणि त्याच्या आडोशाने खुन्याला पळवतो.

दुसरी पंचाईत तपास करणाऱ्याची. पोलीस अधिकारी खोलीत येतो, निरखून पाहतो, गप्प राहतो. पडद्यावर हे शोभते; रेडिओवर ती नुसती शांतता होते आणि घरात कुणीतरी म्हणते, ‘सेल गेले वाटतं.’ म्हणून या प्रकाराला हौशी शोधकर्ता मानवतो. त्याच्याकडे वॉरंट नाही, दरडावायचा हक्क नाही. हत्यार एकच, जीभ. चहाच्या निमित्ताने बसायचे, खोटे नाव सांगायचे, नको तिथे सापडल्यावर थाप मारून सुटायचे. त्याला सतत बोलावे लागते, आणि रेडिओला हवे असते तेच.

या जातीचा अस्सल नमुना म्हणजे इंग्रजीतला चार्ल्स पॅरिस. सायमन ब्रेट हे बीबीसी रेडिओवर विनोदी कार्यक्रमांचे निर्माते होते. १९७५च्या कादंबरीत त्यांनी हा नट उभा केला: वय उतरणीला, कामे फुटकळ, बाटली जवळची आणि बायको लांबची. तो जिथे काम करतो तिथे कुणीतरी मरते आणि याला चौकशीची खाज सुटते. पुढे बीबीसी रेडिओ ४वर या कादंबऱ्यांची नाट्यरूपे झाली, तेव्हा बिल नाय यांनी त्याला आपला थकलेला, कोरडा आवाज दिला. चार्ल्स नट असल्यामुळे तपासासाठी सोंगे घेतो, म्हणजे एका आवाजातून आणखी चार आवाज निघतात. रेडिओत मुरलेल्या माणसालाच हे सुचावे. तशी तिकडे रेडिओ आणि खुनाची सोयरीक जुनी आहे. लंडनच्या रंगभूमीवर १९५२पासून चालत आलेले ‘द माउसट्रॅप’ मुळात ३० मे १९४७ रोजी, राणी मेरीच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी, अर्ध्या तासाचे नभोनाट्य म्हणून बीबीसीवर झाले होते.

आपल्याकडे सगळा माल वेगवेगळ्या दुकानांत पडून होता. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड घराघरांत पोचले. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर आदर्श हौशी: अंगात अधिकार नाही, नाकाला वास मात्र सगळ्याचा, आणि ओळखीची खूण म्हणून जिभेचा ‘ट्टॉक्’. असे पात्र रेडिओला आंदण मिळाल्यासारखेच आहे. विनोदाचे दुकान आकाशवाणी मुंबईकडे होते. ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेत बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी या तिघांनी प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी असे काही उभे केले, की ऐकणाऱ्याला ती शेजारची माणसे वाटावीत. माझे मत विचाराल, तर टेकाडे भावजींना एखादा खून सापडायलाच हवा होता. दुसऱ्याच्या घरात बसून गप्पा हाणणाऱ्या माणसाइतका चांगला शोधकर्ता कुठून मिळणार?

दोन्ही दुकाने एकत्र येण्याच्या सर्वांत जवळचा प्रयोग हिंदीत झाला. विविध भारतीवर ‘हवामहल’ पंधरा मिनिटांच्या नाटिकांतून हसवत होतेच. सत्तरच्या दशकात ईगल थर्मासवाल्यांनी प्रायोजित केलेला ‘इन्स्पेक्टर ईगल’ आला. विनोद शर्मांचा तो रुबाबदार आवाज आजही अनेकांच्या कानात आहे. पण तो पडला इन्स्पेक्टर, सरकारी माणूस. हौशी नव्हे.

मी जिथे बसून हे लिहितो आहे, त्या बीड जिल्ह्याला हे सगळे उसन्या लहरींवर मिळाले. निजामाच्या दख्खन रेडिओचे केंद्र औरंगाबादला होते. आकाशवाणीचे परभणी केंद्र १९६८मध्ये सुरू झाले. मुंबई-पुण्याची मध्यम लहरींची केंद्रे रात्री हवा बरी असेल तर लागत, नाहीतर खुनी सापडायच्या वेळी नेमकी खरखर. ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेलेल्या टोळ्यांच्या कोपीतही ट्रान्झिस्टर असे, आणि पाचट पेटवून शेकत बसलेल्यांना पुण्यातल्या बंगल्यातला खून ऐकू येई. आगगाडीची गंमत तर और. रेल्वेतला खून हा रहस्यकथेचा लाडका प्रकार. पण परळीकडचा भाग सोडला तर जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांना गाडीची शिट्टी रेडिओतूनच माहीत. खुद्द बीड शहरात प्रवासी गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ला.

स्टुडिओतली कारागिरी मात्र कुठेही तीच. नारळाच्या दोन करवंट्यांचा टांगा होतो, सेलोफेनचा कागद चुरगाळला की आग लागते, पातळ पत्रा हलवला की वीज कडाडते आणि कोबीच्या गड्ड्यात सुरी खुपसली की अप्पासाहेब जातात. संहितेची पाने टाचायची नाहीत, सुटी ठेवायची, नाहीतर उलटताना सळसळ माइकमध्ये जाते. माइकपासून दोन पावले मागे सरकले की माणूस दुसऱ्या खोलीत पोचतो. यातली खरी मेख अशी, की जो बोलत नाही तो श्रोत्याच्या लेखी खोलीतच नसतो. रंगमंचावर कोपऱ्यात उभा असलेला नोकर सगळ्यांना दिसतो. रेडिओवर त्याला दहा वाक्ये गप्प ठेवले की तो पुसला जातो. कसलेला लेखक खुन्याला असाच गप्प ठेवतो, आणि अगदीच विसरला जाऊ नये म्हणून मधेच ‘साखर कमी झाली का?’ एवढे विचारायला लावतो.

उरलेला पुरावा विनोदात पुरतात. समजा, घरात बहिरे आजोबा आहेत. ‘पत्र आलंय’ म्हटले की त्यांना ‘पात्र आणलंय’ ऐकू येते. चार वेळा हशा पिकतो. पाचव्या वेळीही आपण सवयीने हसतो, आणि त्या वेळी मात्र आजोबांनी बरोबर ऐकलेले असते. शेवटी हे कळते तेव्हा राग स्वतःच्या हसण्याचा येतो. गंभीर रहस्यनाट्यात श्रोता कान टवकारून प्रत्येक शब्द तपासतो, त्याला असे चकवता येत नाही.

आता बीडमध्ये बसून खुनाची मजा लिहिणे सोपे नाही, हेही सांगितले पाहिजे. डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि जिल्ह्याचे नाव वेगळ्याच कारणाने देशभर गेले. त्यात हसण्यासारखे काही नाही. विनोदी खूननाट्यातला मृत्यू कागदी असतो. मेलेल्याबद्दल कुणी रडत नाही, खुनी अर्ध्या तासात सापडतो आणि त्याला कुणाचाही वशिला लागत नाही. खऱ्या जगात नेमके हेच घडत नाही, म्हणून तर अशी नाटके ऐकावीशी वाटतात. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या वाचकांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तरी दुसरे काय केले?

आज ऐकायची सोय भरपूर आहे. २०१७मध्ये स्टोरीटेल भारतात आले, तेव्हापासून मराठी रहस्यकथा फोनवर ऐकू येतात. पण त्यांत बऱ्याचदा एकच वाचक सगळे आवाज काढतो, म्हणजे पाच जणांच्या तोंडी गोंधळाची गंमत जाते. आकाशवाणीचे बीड केंद्र एफएमवर १०२.९ला लागते. पाच आवाज, एक खोली आणि एक कोबी, एवढ्यात नवे नाटक उभे राहील. प्रेत बुडालेल्या पतसंस्थेच्या अध्यक्षाचे ठेवावे, म्हणजे संशयित म्हणून अख्खा तालुका मिळतो. भाषा ‘काहून’ आणि ‘लई’ची. आणि शोधकर्ता म्हणून एसटी स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक: कोण कुठल्या गाडीने आले-गेले ते त्याला तोंडपाठ, अटक करायचा अधिकार शून्य, आणि माइक आधीपासूनच हातात.