इंदापूरच्या दप्तराचा मागोवा

आजच्या तारखेचा अहवाल कोणीही काढून देतो. पण ‘मागच्या सप्टेंबरअखेर उसाचं क्षेत्र किती दिसत होतं?’ असं साहेबांनी विचारलं, की संगणकासमोरची मंडळी एकमेकांची तोंडं बघतात. मधे दुरुस्त्या झाल्या, नवा आकडा त्याच रकान्यात बसला आणि जुना गेला. बारामती-इंदापूरच्या महसुली दप्तरात हा पेच फार जुना आहे.

१८२८च्या सुमारास प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात सुरू केलेली जमाबंदी फसली. मोजणी कच्ची आणि कारकुनांचे हात ओले! मग १८३५मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट इंदापूर तालुक्यात आले आणि पुढल्याच वर्षी नवा आकार, म्हणजे जमिनीचा सारा, लागू होऊ लागला. मुंबई इलाख्याची जमाबंदी पुढे याच नमुन्यावर उभी राहिली. मातीचा पोत आणि खोली बघून शेताची प्रत ठरे, अशा नऊ प्रती. मग दोष बघायचे: चुनखड, वाळू, उतार. दोषागणिक एक खूण, आणि खुणेगणिक प्रत एक पायरी खाली. अमुक शेताला अमुक आकार का, हे वर्षांनंतरही त्या खुणा मोजून सांगता येई. नुसता आकडा न ठेवता तो कशावरून काढला तेही ठेवलं, ही मला त्या कामातली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

आकार तीस वर्षांचा होता. १८६६-६७मध्ये फेरतपासणी झाली, तेव्हा जुन्या नोंदी हाताशी होत्याच. घोटाळा भावांच्या नव्या नोंदींत होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस तेजीत होता, इकडे धान्याचेही भाव चढलेले. त्या तेजीवर आकार वाढवला आणि पुढे भाव कोसळले. १२ मे १८७५ला सुप्यात (आज बारामती तालुक्यात) लोकांनी सावकारांची घरं-दुकानं लुटली, कर्जखतं जाळली. दंग्याचं मूळ सावकारी पाशात होतं हे खरं, पण वाढीव आकाराने त्यात भर घातली हेही खरं.

पुढे सातबारा आला. गाव नमुना सहामध्ये प्रत्येक फेरफार क्रमांकाने चढतो आणि सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराच्या नावाला कंस होतो, नाव पुसलं जात नाही. २०२०च्या सुधारित सातबाऱ्यात कंसाबरोबर आडवी रेघही आली, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीखही. जुनी नोंद न पुसता नवी जोडायची ही रीत संगणकावर माहितीचा साठा बांधणारे अभियंतेही वापरतात. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तिथे मात्र दोन्हींचा मेळ दाखवणारं पत्रक नसेल तर जुनी पानं असून नसल्यासारखी.

१५ ऑगस्ट २०२१पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः बांधावरून पिकाचा फोटो चढवतो, जागेच्या अक्षांश-रेखांशासह. हंगाम चालू असताना हे आकडे हलत राहणार, त्यात गैर काही नाही. पण त्यावर अहवाल करायचा तर ठरल्या दिवशीची प्रत तारखेसकट वेगळी काढून ठेवावी लागते, आणि नंतरची दुरुस्ती त्या प्रतीत न करता पुढच्या प्रतीत घ्यावी लागते.