कोळशाच्या वाघिणीतून उतरलेली मौज

पौष पौर्णिमा जवळ आली की धसईच्या बाजारात भेटेल तो एकच विचारतो, "म्हशाला कधी निघायचे?" मुरबाड तालुक्यातील म्हसा गावची ही यात्रा बैलबाजारासाठी नावाजलेली. घरच्या कर्त्या माणसाला बैल पाहायचा असतो, बायाबापड्यांना घोंगडी आणि भांडी घ्यायची असतात, आणि पोरांना दुसरेतिसरे काही दिसत नाही. त्यांना लांबूनच आकाशपाळणा दिसलेला असतो!

वाचकहो, या पाळण्यात आपण सारेच कधी ना कधी बसलो आहोत. परंतु तो आला कुठून, फिरतो कसा, आणि शहरातल्या मोठ्या करमणूक उद्यानांतली ती धडधडत उतरणारी रोलर कोस्टर इंजिनाशिवाय धावते कशी, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. जाहिराती येतात, माहिती येत नाही. म्हणून या आठवड्यात कुटुंबाच्या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

इंग्रजीत आकाशपाळण्याला फेरिस व्हील म्हणतात. जॉर्ज फेरिस हा अमेरिकन इंजिनियर. 1893 साली शिकागोला जे जागतिक प्रदर्शन भरले, त्यात त्याने 264 फूट उंचीचे पोलादी चाक उभे केले. त्याला 36 डबे होते आणि एकेका डब्यात 60 माणसे बसत. म्हणजे आपली एक भरगच्च एस.टी. धरा, आणि अशा छत्तीस एस.टी. गाड्या एकाच वेळी आभाळात फिरताहेत असे समजा! पन्नास सेंटात दोन फेऱ्या मिळत. एवढे करून बिचारा फेरिस 1896 मध्ये अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारला, आणि त्याचे ते चाक 1906 साली सुरुंग लावून पाडण्यात आले. नाव मात्र राहिले.

पण पाळणा काही फेरिसने शोधला नाही. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने 1620 मध्ये, आज बल्गेरियात असलेल्या प्लोव्हदिव्ह शहरात, लाकडी चाकाला टांगलेल्या आसनांत माणसे फिरताना पाहिली आणि तसे लिहून ठेवले. ते चाक बनवणाऱ्या सुतारांची नावे कोणी लिहिली नाहीत. हे आपल्याला नवीन नाही.

आपल्या जत्रांतले जुने पाळणेही लाकडाचेच असत. त्यांना ना वीज, ना डिझेल. दोन-तीन तरुण चाकाच्या आऱ्यांवर माकडासारखे सरसर चढत, वरच्या डब्याला लोंबकळत आणि आपल्याच वजनाने चाक खाली ओढत. खाली पाय टेकतो न टेकतो तोच पुन्हा वर. मजा डब्यात बसलेल्यांची आणि इंजिन म्हणजे माणूस! आता बहुतेक ठिकाणी यंत्र आले, तरी एक काम अजून माणसाच्या डोक्यानेच चालते. पाळणेवाला एका डब्यात माणसे बसवतो आणि लगेच चाक अर्धे फिरवून समोरचा डबा भरतो. पोरे ओरडतात, "भाऊ, आमचा नंबर आधी होता!" पण तो मुद्दाम अडवत नसतो. एका बाजूला वजन साचले तर चाकाचा तोल जातो आणि यंत्रावर ताण येतो. तागडीत दोन्हीकडे वजन टाकावे तसे त्याचे चाललेले असते.

शेजारीच मौत का कुआँ असतो. उभ्या फळ्यांच्या भिंतीवरून मोटारसायकल फिरते आणि पडत नाही. यात जादू नाही. गाडी सरळ जाऊ पाहते, भिंत तिला वळवते, आणि त्या रेट्याने चाके भिंतीला घट्ट धरून राहतात. वेग कमी झाला की पकड सुटते. हा खेळही 1910 च्या सुमाराला अमेरिकेतल्या लाकडी मोटारसायकल-चक्रांतून आला.

आता रोलर कोस्टरकडे येऊ. तिचे मूळ रशियातल्या बर्फात आहे. पीटर्सबर्ग शहराजवळ हिवाळ्यात लाकडाचे उंच मचाण उभारून, उतरणीवर पाणी ओतून बर्फ गोठवीत आणि त्यावरून घसरत. गंमत पाहा. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत रोलर कोस्टरला आजही 'रशियन डोंगर' अशा अर्थाचा शब्द आहे, आणि रशियन लोक मात्र तिला 'अमेरिकन टेकड्या' म्हणतात! हा मान दुसऱ्याला देण्याची घाई दोघांनाही आहे.

तरी आमच्या मते खरी जन्मकथा कोळशाची आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मॉक चंक नावाचे गाव होते. वर डोंगरावर कोळशाची खाण, खाली नदी. 1827 मध्ये खाणीपासून नदीपर्यंत नऊ मैलांचा उतरता रूळ टाकला गेला. भरलेल्या वाघिणी आपल्या वजनानेच खाली येत. रिकाम्या वाघिणी वर ओढायला खेचरे लागत. मग खेचरे खाली कशी आणायची? त्यांनाही वाघिणीत बसवून आणीत! असे सांगतात की एकदा या सवारीची सवय लागल्यावर ती खेचरे खाली पायी उतरायला तयार होईनात. पुढे वर ओढण्यासाठी वाफेची यंत्रे आली, नंतर कोळसा दुसऱ्या वाटेने जाऊ लागला, आणि 1870 च्या दशकात तोच रूळ पैसे देऊन घसरायला येणाऱ्या शहरी हौशी लोकांसाठी चालू लागला. कामगारांची घामाची वाट दुसऱ्यांच्या करमणुकीची वाट झाली.

ही कल्पना शहरात आणली लामार्कस थॉम्पसन याने. हा गृहस्थ दारूच्या गुत्त्यांवर नाराज होता. कष्टकऱ्याला सुटीच्या दिवशी स्वस्त आणि निर्व्यसनी करमणूक हवी, असे त्याला वाटे. त्याने 16 जून 1884 रोजी न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या समुद्रकाठी आपली घसरगाडी सुरू केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. आपली सायकल त्याहून जोरात जाते! तरी लोकांच्या रांगा लागल्या. पुढे 1920 मध्ये पाच सेंटात कोनी आयलंडला नेणारी भुयारी रेल्वे झाली, तेव्हा गिरणी-कारखान्यांतल्या माणसांची तिथे रीघ लागली. तिथली 'सायक्लोन' ही लाकडी रोलर कोस्टर 1927 च्या जूनमध्ये सुरू झाली.

आता यंत्राची गोष्ट. आपल्यापैकी जे कसाऱ्याच्या घाटातून रेल्वेने गेले आहेत त्यांनी पाहिले असेल, इगतपुरीकडे चढताना गाडीला जादा इंजिने जोडतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. रोलर कोस्टरला पहिल्या चढावर असाच बँकर असतो, पण तो इंजिन नसून साखळी असते. साखळी गाडीला माथ्यावर नेऊन सोडते. तिथून पुढे बहुतेक गाड्यांना कोणतेही इंजिन नसते. माळशेज घाट उतरताना सायकलचे पायडल मारावे लागत नाही, तसेच हे. म्हणून पहिला चढ सर्वांत उंच ठेवतात. घर्षणात थोडा थोडा जोर खर्च होत जातो, त्यामुळे पुढचा प्रत्येक चढ पहिल्या चढाच्या उंचीपेक्षा कमीच असावा लागतो.

चढताना जी खडखड ऐकू येते, तिने पोरांची छाती धडधडते. पण तो आवाज भीतीचा नसून सुरक्षेचा आहे. गाडीखाली लोखंडी खिट्ट्या असतात आणि रुळाला दाते. चढताना खिट्टी एकेका दातावर पडत जाते. साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून ही योजना. लंडनच्या बॅटरसी बागेत 30 मे 1972 रोजी ओढणारा दोर सुटला, मागे घसरण रोखणारी व्यवस्थाही चालली नाही, आणि पाच मुले गेली. तेव्हा खडखड ऐकू आली तर बरे समजावे.

माथ्यावरून उतरताना गाडी रुळावरून उडत का नाही? जॉन मिलर या कारागिराने 1919 मध्ये रुळाच्या खालून धरणाऱ्या चाकांचे पेटंट घेतले. आज चाकांचे तीन संच असतात. एक वरून, एक बाजूने, एक खालून. मुठीत काठी धरावी तसा गाडीने रूळ धरलेला असतो. उलटे फिरवणारा गोल फास नीट पाहिलात तर तो बांगडीसारखा गोल नसतो, उलट्या टांगलेल्या थेंबासारखा, वरून निमुळता असतो. 1895 मध्ये कोनी आयलंडला अगदी गोल फास केला होता. त्यात बसणाऱ्यांच्या माना आखडत. शेवटच्या डब्यात बसणाऱ्याला उतारावर जास्त झटका लागतो, कारण पुढचे डबे त्याला माथ्यावरून खेचून नेतात. आणि सकाळच्या गारव्यापेक्षा दुपारी गाडी थोडी वेगाने धावते, कारण ऊन लागून वंगण पातळ होते.

एवढी सारी हुशारी एकीकडे. दुसरीकडे एक गोष्ट अशी आहे की ती आपल्या घरांतून जरूर सांगितली पाहिजे. कष्टकऱ्यांसाठी म्हणून निघालेल्या या खेळाचे फाटक अमेरिकेत काळ्या माणसांना मात्र बंद होते. अनेक उद्यानांत त्यांना प्रवेशच नव्हता. काही ठिकाणी वर्षातला एखादा दिवस नेमून दिलेला असे. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे प्रसिद्ध पत्र लिहिले, त्यात मोठमोठ्या तत्त्वांच्या बरोबरीने एक बाप बोलतो. टेलिव्हिजनवर जाहिरात पाहून सहा वर्षांची मुलगी हट्ट धरते, 'फनटाउन'ला चला. आणि बापाला सांगता येत नाही की ते तुझ्या रंगाच्या मुलांसाठी नाही. आपल्यातल्या ज्या वडीलधाऱ्यांनी पाणवठ्यावर लांब उभे राहून ओंजळीत पाणी घेतले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

बाल्टिमोर शहरालगत ग्विन ओक नावाचे करमणूक उद्यान होते. तिथे कित्येक वर्षे निदर्शने चालली. 1963 च्या 4 जुलैला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, काळे-गोरे कार्यकर्ते आणि धर्मगुरू मिळून शेकडो लोकांनी अटक करून घेतली. अखेर 28 ऑगस्ट 1963 रोजी फाटक उघडले. त्या दिवशी शॅरन लँगली ही अकरा महिन्यांची काळी मुलगी वडिलांच्या आधाराने घोड्यांच्या चक्रीवर बसली. नेमक्या त्याच दिवशी जवळच वॉशिंग्टनला लाखोंच्या मोर्च्यापुढे डॉ. किंग यांचे स्वप्नाचे भाषण झाले. ती चक्री 1981 मध्ये वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर नेण्यात आली आणि तिच्या एका घोड्यावर शॅरनच्या नावाची पट्टी बसवण्यात आली.

वर सायक्लोनचे साल 1927 सांगितले. त्याच वर्षी 20 मार्चला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. तळे असो की पाळणा, सार्वजनिक म्हणायचे आणि माणूस पाहून फाटक लावायचे, ही रीत दोन्हीकडे सारखीच होती.

आपल्याकडे दिल्लीत 1984 मध्ये अप्पू घर सुरू झाले. ते 2008 साली बंद पडले. मुंबईच्या गोराईला 1989 मध्ये एस्सेलवर्ल्ड आले. दूरदर्शनवरच्या त्याच्या जाहिरातीने एका पिढीच्या आईबापांना भंडावून सोडले! धसईहून तिथे जायचे म्हणजे एस.टी.ने कल्याण, लोकलने दादरमार्गे बोरिवली, मग खाडीतून होडी. अर्धा दिवस वाटेतच जाई. एस्सेलवर्ल्ड 2022 मध्ये बंद झाले. परंतु त्याला लागून, त्याच उद्योगसमूहाच्या सुभाष चंद्रा यांनी दान दिलेल्या जमिनीवर, विश्व विपश्यना पॅगोडा उभा आहे. 8 फेब्रुवारी 2009 रोजी त्याचे उद्घाटन झाले. आत एकही खांब नाही आणि आठ हजार माणसे एकत्र ध्यानाला बसू शकतात. कित्येक वर्षे त्या एकाच होडीत ध्यानाला निघालेली आजी आणि पाळण्यासाठी हटून बसलेला नातू शेजारी शेजारी बसत आले. दोघांचे पटत असे की नाही, ते त्यांनाच ठाऊक.

खोपोलीजवळ 2013 मध्ये इमॅजिका सुरू झाले. तिथली 'नायट्रो' ही पाय लोंबकळत ठेवणारी गाडी सुमारे 40 मीटर उंच चढते, ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने धावते आणि पाच वेळा उलटी होते. तिकीट माणशी हजाराच्या पुढे. चौघांचे कुटुंब धरा, प्रवासखर्च धरा, आणि मजुरीच्या किती दिवसांचे पैसे झाले ते घरीच मोजा. थॉम्पसनच्या पाच सेंटांपासून आपण बरेच दूर आलो! आज फाटकावर जात विचारीत नाहीत हे खरे. खिसा मात्र विचारतात. म्हणून शाळांच्या सहलींना मिळणारी सवलत सोडू नये, आणि आपल्या गावच्या शाळेने सहल काढावी म्हणून पालकांनी आग्रह धरावा, असे आम्हाला वाटते.

आणि जत्रेतल्या स्वस्त पाळण्यालाही कमी समजू नये. फक्त डोळे उघडे ठेवावेत. 14 जुलै 2019 रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावावर झुलता पाळणा मोडून दोघे दगावले. तेव्हा मुलाला बसवण्यापूर्वी एक फेरी नुसती उभे राहून पाहावी. पाया भुसभुशीत मातीवर आहे की फळ्यांवर, डब्याची कडी लागते की सुतळीने बांधली आहे, चालवणारा शुद्धीत आहे ना, हे दिसते. शंका आली तर तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, पण उतरावे. ओढणी, पदर, लांब वेणी नीट खोचून घ्यावी. हात डब्याबाहेर काढू देऊ नये.

मोठ्या उद्यानांत उंचीची पट्टी असते आणि तिथे रडून उपयोग होत नाही. आडव्या दांड्यात लहान शरीर नीट अडकत नाही, म्हणून तो नियम आहे. मुलाला भिंतीला टेकवून उभे करावे, डोक्यावर पाटी धरून खूण करावी आणि टेपने मोजून घ्यावे. तिकीट काढण्याआधी.