ठराव नको, पैसा रोखा!

लोकप्रतिनिधीला एकदा मत दिले की पुढे काय करायचे ते त्याचे त्याने पाहावे, ही समजूत सत्ताधाऱ्यांच्या फार सोयीची असते. ही समजूत झुगारून दिली तर काय घडते, हे अमेरिकेच्या जनतेने २००७ साली इराक युद्धाच्या वेळी दाखवून दिले. चळवळीच्या वाचकांनी हा इतिहास समजून घ्यावा असे आम्हाला वाटते. कारण जनतेच्या दबावाची ताकद त्यात दिसते आणि तो दबाव कुठे कमी पडला तेही दिसते.

७ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत निवडणूक झाली. इराक युद्धाला कंटाळलेल्या मतदारांनी अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या रिपब्लिकन पक्षाला धडा शिकवला आणि संसदेची दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती दिली. कौल स्पष्ट होता. पण १० जानेवारी २००७ च्या रात्री बुश साहेब दूरदर्शनवर आले आणि इराकमध्ये आणखी वीस हजारांहून अधिक सैनिक पाठवणार असल्याचे त्यांनी जाहीर केले. जनता म्हणत होती, आमची मुले परत आणा. अध्यक्ष म्हणाले, आणखी मुले द्या!

आता जनतेने काय करायचे? पुढच्या निवडणुकीची वाट पाहायची? तोवर किती शवपेट्या येणार? अमेरिकेतील युद्धविरोधी नागरिकांनी वाट पाहिली नाही. २७ जानेवारीला राजधानी वॉशिंग्टनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. खासदारांच्या कार्यालयांत पत्रे आणि फोन यांचा पाऊस पडू लागला. शिकागोच्या कॅथी केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारीपासून एक वेगळीच मोहीम हाती घेतली. नागरिकांनी आपल्याच मतदारसंघातील खासदाराच्या कार्यालयात जायचे, तिथे ठाण मांडायचे आणि युद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांची व इराकी माणसांची नावे मोठ्याने वाचायची. मागणी एकच. युद्धासाठी आणखी पैसा देण्याच्या विरोधात मत देईन, असे वचन द्या. पोलीस येत, अटक करत. शेकडो लोकांनी अशी अटक करवून घेतली. त्यांनी विरोधकांना तर सोडले नाहीच, पण स्वतःला युद्धविरोधी म्हणवणाऱ्या खासदारांच्या कार्यालयांतही ते जाऊन बसले.

सैन्यवाढीला विरोध म्हणजे सैनिकांचा अपमान, असा कांगावा तेव्हाही झाला. सत्ताधाऱ्यांचे हे हत्यार फार जुने आहे. पण त्याच जानेवारीत सेवेत असलेल्या एक हजाराहून अधिक अमेरिकन सैनिकांनी संसदेला सह्यांचे निवेदन दिले आणि सैन्य परत बोलावण्याची मागणी केली. मग अपमान कोण करत होते? वातानुकूलित दालनात बसून दुसऱ्यांची पोरे पाठवणारे, की त्या पोरांना जिवंत परत आणा म्हणणारे? मार्टिन ल्युथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध भाषण केले, तेव्हा नेमके यावरच बोट ठेवले होते. ज्या काळ्या तरुणांना स्वतःच्या देशात स्वातंत्र्य नाही, त्यांनाच परक्या देशाला स्वातंत्र्य देण्याच्या नावाखाली मरायला पाठवले जाते, हा त्यांचा आक्षेप होता.

दबावाचा परिणाम झाला. १६ फेब्रुवारी २००७ रोजी प्रतिनिधीगृहाने सैन्यवाढीला विरोध करणारा ठराव २४६ विरुद्ध १८२ मतांनी मंजूर केला. बुश यांच्याच पक्षाच्या १७ सदस्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये तोच ठराव चर्चेला घेण्यासाठी ५६ विरुद्ध ३४ मते पडली. पण तिथे ६० मते लागतात, म्हणून तो अडला.

परंतु खरी मेख वेगळीच होती. हा ठराव अध्यक्षांवर बंधनकारक नव्हता! खासदारांची भाषणे झाली, वर्तमानपत्रांत फोटो आले आणि सैनिकांची विमाने ठरल्या वेळी इराककडे उडत राहिली.

अमेरिकेच्या संसदेच्या हातात बंधनकारक शस्त्र नव्हते काय? होते. तिच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून एक डॉलर निघत नाही. सैन्यासाठी एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त काळाचा पैसा मंजूर करायचा नाही, असा त्या देशाच्या राज्यघटनेचाच दंडक आहे. याच शस्त्राने संसदेने १९७३ साली इंडोचायनातील लष्करी कारवाईचा पैसा रोखला होता आणि १५ ऑगस्ट १९७३ पासून कंबोडियावरील अमेरिकन बॉम्बफेक थांबली होती.

२००७ साली हे शस्त्र अर्धेच उपसले गेले. संसदेने एप्रिलमध्ये युद्धखर्चाच्या विधेयकाला सैन्यमाघारीचे वेळापत्रक जोडले. १ मे रोजी बुश यांनी ते नाकारले. तेव्हा वेळापत्रकाशिवाय पैसा नाही, असे ठणकावून सांगता आले असते. पण २४ मे रोजी वेळापत्रक गाळून पैसा मंजूर झाला. प्रतिनिधीगृहात २८० विरुद्ध १४२, सिनेटमध्ये ८० विरुद्ध १४. प्रतिनिधीगृहातील बहुसंख्य डेमोक्रॅट सदस्यांनी विरोधी मत दिले हे खरे. पण त्यांच्याच नेतृत्वाने विधेयक मतदानाला आणले आणि त्यांच्याच ८६ सदस्यांनी रिपब्लिकनांना साथ दिली. इराकमध्ये मुलगा गमावलेल्या सिंडी शीहान यांनी त्याच महिन्यात डेमोक्रॅटिक पक्ष सोडला आणि २००८ मध्ये सभापती नॅन्सी पेलोसी यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली.

सैन्यवाढीमुळेच पुढे इराकमधील हिंसाचार कमी झाला, असे तिचे समर्थक सांगतात. हिंसाचार कमी झाला हे खरे. पण त्याच काळात सुन्नी टोळ्या अल कायदाविरुद्ध उलटल्या होत्या, ऑगस्ट २००७ मध्ये मुक्तदा सद्र यांनी आपल्या लढवय्यांना शस्त्रे खाली ठेवायला लावली होती आणि बगदादच्या वस्त्या रक्तपाताने आधीच विभागल्या गेल्या होत्या. हे सगळे श्रेय एका अध्यक्षाच्या खाती कसे जमा करायचे? २००७ हे वर्ष त्या युद्धात अमेरिकन सैनिकांसाठी सर्वाधिक जीवघेणे ठरले. त्या एका वर्षात नऊशेहून अधिक सैनिक मेले. इराकी जनतेच्या मृत्यूंचा तर हिशेबच निराळा. शेवटचे अमेरिकन सैनिक इराकमधून निघायला डिसेंबर २०११ उजाडला.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना अमेरिकन पद्धतीतील नेमकी ही उणीव दाखवली होती. त्या पद्धतीत स्थैर्य अधिक, जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत मात्र सरकारच्या जबाबदारीची तपासणी दररोज होते. सभासद प्रश्न विचारतात, ठराव आणतात, अविश्वास मांडतात. ठरावीक मुदतीने मतदार तपासणी करतो ती वेगळीच. अमेरिकेच्या नागरिकांनी २००७ साली खासदारांच्या दारात बसून ही रोजची तपासणी स्वतःच्या अंगावर घेतली, असे आम्ही म्हणतो.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा नव्हता. २००३ साली अमेरिकेने भारताकडेही इराकसाठी सैन्य मागितले होते. त्याआधी एप्रिलमध्ये आपल्या लोकसभेने या युद्धाविरुद्ध एकमताने ठराव केला होता. देशभरातून विरोध झाला आणि १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने नकार कळवला. सैन्य गेले असते तर कुणाची मुले गेली असती? शेतकऱ्याची, शेतमजुराची, आमच्या वस्त्यांतली. पिढ्यानपिढ्या पलटणीत नोकरी केलेल्या घरांना हे सांगायला नको.

म्हणून लोकप्रतिनिधीकडे जाताना भाषणावर, सहानुभूतीवर किंवा ठरावावर समाधान मानू नये. पैसा मंजूर करण्याची वेळ येईल तेव्हा तुमचे मत कुठे पडेल, एवढेच त्याला विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत त्याच्या दारातून उठू नये. मत पडल्यावर ते वस्तीत जाहीर वाचून दाखवावे.