जडावकामाचे पृष्ठ घासणे

एखाद्या पदार्थाच्या पृष्ठात खोबणी कोरून तीत दुसऱ्या पदार्थाचे तुकडे, पत्रे किंवा तारा बसविल्यानंतर दोन्ही पदार्थ एकाच पातळीत आणण्याची क्रिया. धातूच्या भांड्यांपासून नक्षीदार लाकडी जमिनीपर्यंत सर्व सपाट जडावकामात ती करावी लागते. दोन पदार्थांचा कठिनपणा सारखा नसल्यामुळे ती साध्या घासकामाहून अवघड असते.

मराठवाड्यात या क्रियेचे परिचित उदाहरण म्हणजे बिदरी काम. बीदर व औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) ही दोन्ही शहरे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती. राज्यपुनर्रचनेत बीदर म्हैसूर राज्यात (आजचे कर्नाटक) गेले; तथापि ही कारागिरी औरंगाबादेतही टिकून राहिली.

बिदरी वस्तू जस्तात थोडे तांबे मिसळलेल्या मिश्रधातूची ओतीव असते. ओतकामानंतर तिचे खडबडीत पृष्ठ कानशीने, तासणीने व शेवटी पॉलिशकागदाने गुळगुळीत करतात. त्यावर मोरचुदाचे पाणी लावले म्हणजे पृष्ठ तात्पुरते काळे पडते व कोरणीची रेघ स्पष्ट दिसते. मग छिन्नीने नक्षी कोरून खोबणीत चांदीची तार (तारकशी) किंवा पत्रा (तहनिशान) ठोकून बसवितात. चांदी प्रथम किंचित वर राहते. ती पुन्हा कानस व पॉलिशकागद यांनी घासून उतरवावी लागते.

सर्व कौशल्य या दुसऱ्या घासण्यात आहे. तात्पुरता काळा थर निघून गेल्याने राखी रंगाचा मिश्रधातू व पांढरी चांदी यांत फारसा फरक दिसत नाही. कारागीर जवळजवळ अंदाजानेच घासत असतो. घासणे कमी झाले, तर चांदीची कड बोटाला लागते. अधिक झाले, तर पातळ पत्रा कडेने झिजून नक्षीची रेषा तुटते. हा दोष पुढच्या टप्प्यावर, म्हणजे माती व नवसागर यांचा लेप तापलेल्या वस्तूवर चोळल्यानंतर, उघड होतो. या लेपाने मिश्रधातू गडद काळा होतो, चांदीवर मात्र परिणाम होत नाही. लेपासाठी बीदरच्या किल्ल्यातील जुन्या बांधकामांतली माती वापरण्याची परंपरा आहे. पृष्ठावर हातांचा तेलकटपणा राहिल्यास काळेपणा ठिपक्याठिपक्यांनी उतरतो. म्हणून शेवटच्या घासण्यानंतर वस्तूला उगाच हात लावत नाहीत. उठावाच्या नक्षीत (जरबुलंद) चांदी मुद्दाम वर ठेवलेली असल्याने हे समतल करणे तेथे लागू नाही.

घासण्याचा परिणाम घर्षकाइतकाच त्यामागील आधारावर अवलंबून असतो. पॉलिशकागद सपाट, कठीण ठोकळ्यावर ताणून फिरविला, तर तो उंच भागच कापतो व पातळी राखतो. मऊ आधार किंवा फिरते कापडी चाक मऊ भागात खोल शिरते. त्यामुळे मऊ पदार्थ अधिक झिजतो आणि नक्षीच्या कडा गोल होतात. विजेच्या चाकाने वेळ वाचतो, पण केवळ त्याच्यावर विसंबल्यास तारकशीची धार मंदावते. उत्तर प्रदेशातील मैनपुरीच्या शिसवी तारकशीत स्थिती उलट आहे: तेथे पितळेची तार कठीण व लाकूड मऊ असल्याने निष्काळजी घासण्याने लाकूड खचून तार वर येते.

हाच नियम नक्षीदार लाकडी जमिनीलाही लागू पडतो. अशा जमिनी सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातील राजवाड्यांत विशेष प्रचारात आल्या. ओक, अक्रोड, मॅपल यांसारख्या निरनिराळ्या रंगांच्या व कठिनपणाच्या लाकडांचे तुकडे त्यांत शेजारी-शेजारी बसविलेले असतात. साध्या फळ्यांची जमीन तंतूंच्या दिशेने घासता येते. नक्षीत मात्र तंतू प्रत्येक तुकड्यात वेगळ्या दिशेने धावतात. त्यामुळे सरळ रेषेत चालणाऱ्या पिंपाकार यंत्राचे ओरखडे कोठे ना कोठे तंतूंना आडवे पडतात व रोगण लावल्यावर ठळक दिसतात. म्हणून नक्षीवर लहान वर्तुळांत फिरणारे यंत्र कठीण गादीसह वापरतात, आणि कोपरे हाताने तासणीने साधतात. कागद शक्य तितक्या बारीक क्रमांकापासून (उदा., ८०) सुरू करून टप्प्याटप्प्याने १२० पर्यंत नेतात. मधला टप्पा वगळला, तर जाड कणांचे ओरखडे तसेच राहतात. गडद लाकडाची भुकटी फिक्या लाकडाच्या छिद्रांत शिरून ते मळकट करते. भुकटी ओल्या फडक्याने पुसू नये. ती यंत्राने शोषून घ्यावी. ओकमधील टॅनिनाचा लोखंडी कणांशी ओलाव्यात संयोग झाल्यास काळे डाग पडतात, म्हणून पोलादी तंतूंचा घासगोळाही टाळतात. सागवानात सिलिकाचे कण असल्याने त्यावर धार व कागद दोन्ही लवकर बोथट होतात.

जुन्या जमिनीच्या बाबतीत पहिले काम घासण्याचे नसून मोजण्याचे असते. उंबऱ्याजवळ किंवा उघड्या कडेशी नक्षीच्या वरच्या थराची जाडी पाहतात. पूर्ण घासण्यात सुमारे अर्धा ते एक मिमी. लाकूड जाते. थर पातळ असल्यास यंत्र न लावता केवळ जुने रोगण काढून नवे चढवितात. खळगे पूर्ण घालविण्याचा हट्ट अशा वेळी धरू नये.

बिदरी वस्तूंचे बहुतेक नुकसान मात्र कारखान्यात न होता घरी होते. चांदी उजळण्याची दाणेदार भुकटी तिच्यावर घासली, तर काळा थरही निघतो. मऊ कोरड्या फडक्याने पुसून काळ्या भागावर किंचित तेल चोळणे पुरेसे असते. काळेपणा गेल्यास कारागीर मातीचा लेप पुन्हा देऊन तो परत आणू शकतो. झिजून गेलेल्या चांदीच्या जागी मात्र खोबणी नव्याने कोरून नवा पत्रा ठोकावा लागतो.