दोन ‘शेतकऱ्यां’मधला फरक

समजा, रावेर आणि यावलच्या केळी उत्पादकांच्या याद्या दोन ठिकाणांहून कॉपी करून तुम्ही एका फाइलमध्ये पेस्ट केल्या. मग ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द शोधला, तर एकाच यादीतल्या ओळी सापडल्या. डोळ्यांना दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात. मग घोडं अडलं कुठे?

अडलं ते त्या अर्ध्या ‘र’पाशी. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं, डोळ्यांना न दिसणारं चिन्ह. मजकूर कॉपी केला की तेही सोबत येतं. आपल्या लिपीला त्याची गरज आहे, पण प्रत्येक अदृश्य चिन्ह इतकं निरुपद्रवी नसतं.

उर्दू-अरबीसारख्या उजवीकडून लिहायच्या लिप्यांसाठी दिशा बदलणारी अदृश्य चिन्हं आहेत. ती प्रोग्रॅममध्ये पेरली, तर माणसाला कोड एका क्रमाने दिसतो आणि संगणक तो वेगळ्याच क्रमाने वाचतो. केंब्रिज विद्यापीठातल्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी २०२१मध्ये हे दाखवून दिलं. या हल्ल्याला त्यांनी ‘ट्रोजन सोर्स’ म्हटलं.

साध्या वापरकर्त्यासाठीही सापळा आहे. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ असं सांगणारं खोटं पान गुपचूप एक कमांड क्लिपबोर्डवर ठेवतं आणि विंडोज-आर, कंट्रोल-व्ही, एंटर दाबायला लावतं, म्हणजे ती कमांड आपल्याच हातून चालते. चोराला दार आपणच उघडून देतो.

कॉपी केलेल्या कोडसोबत अटीही येतात. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वरची उत्तरं ‘सीसी बाय-एसए’ परवान्याखाली असतात: मूळ लेखकाचं श्रेय द्या, बदल करून पुढे दिलंत तर त्याच अटींवर द्या. परवानाच लिहिलेला नसेल, तर कोड फुकट आहे असं समजू नका. १९५७चा कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीच मानतो.

जळगाव, धुळे, शिरपूरच्या अभियांत्रिकीच्या मुलांनी उसना कोड घेऊ नये, असं मी म्हणणार नाही. त्यातूनच तर शिकणं होतं. फक्त कमांड आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करून वाचा. अदृश्य चिन्हांबद्दल एडिटरने दिलेला इशारा डावलू नका. कोडच्या डोक्यावर त्याचा स्रोत आणि परवाना लिहा. आणि परीक्षकांनी प्रकल्प बघताना कोणत्याही एका ओळीवर बोट ठेवून विचारावं: ही कुठून आणली, कोणत्या अटीवर, आणि ती नेमकं करते काय?