पाहुण्यांसाठी बांधलेला महाल: केडलस्टन हॉल

इंग्लंडमधल्या डर्बी शहराजवळचा केडलस्टन हॉल हा नवअभिजात शैलीतला महाल आहे. सर नॅथॅनिएल कर्झन यांच्याकडे १७५८ मध्ये वडिलोपार्जित जहागीर आली आणि पुढच्याच वर्षी जुने विटांचे घर पाडून नव्या बांधकामाला सुरुवात झाली. शेजारचे गाव नव्या उद्यानाच्या आड येत होते, म्हणून तेही उठवून दुसरीकडे वसवले. जागेवर राहिले ते फक्त चर्च. ते आजही महालाला खेटून उभे आहे.

मॅथ्यू ब्रेटिंगहॅम आणि जेम्स पेन या दोन वास्तुकारांनी आराखडा आखला तो सोळाव्या शतकातल्या पॅलाडिओ या इटालियन वास्तुकाराच्या धर्तीवर: मधोमध मुख्य इमारत, चार कोपऱ्यांना चार लहान इमारती आणि त्यांना जोडणारे वक्राकार पडवीसारखे मार्ग. प्रत्यक्षात उत्तरेकडच्या दोनच बांधून झाल्या. एकीत कुटुंब राहत असे, दुसरीत स्वयंपाकघर होते. मधली भव्य इमारत मुख्यतः पाहुण्यांना दाखवण्यासाठी होती. या महालाचे सगळे कोडे इथेच उलगडते.

काम सुरू असतानाच ते रॉबर्ट ॲडम या स्कॉटिश वास्तुकाराच्या हाती गेले. हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई या गाडल्या गेलेल्या रोमन नगरांचे उत्खनन तेव्हा सुरू झालेले होते. प्राचीन रोमची देवळेच नव्हे, तर घरांच्या रंगवलेल्या भिंतीही युरोपला दिसू लागल्या होत्या. ॲडमने इटलीत काही वर्षे घालवली आणि १७५७ मध्ये आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिट येथे डायोक्लेशियन बादशहाच्या राजवाड्याची मोजमापे घेतली. पुस्तकातून उचललेले आणि अवशेषांवर टेप धरून शिकलेले यांतला फरक केडलस्टनमध्ये दिसतो.

उत्तरेकडे सहा स्तंभांचा, त्रिकोणी माथ्याचा द्वारमंडप आहे. हा चेहरा बराचसा पेनच्या आराखड्याप्रमाणेच राहिला. दक्षिणेची बाजू मात्र ॲडमची. तिथे त्याने रोममधली कॉन्स्टंटाइनची विजयकमान घराच्या भिंतीवर आणून बसवली. चार सुटे स्तंभ पुढे आलेले, त्यांच्यावर पुतळे आणि मागे बसका घुमट. दगडाच्या सपाट भिंतीला त्यामुळे हालचाल येते. ॲडम स्वतः हाच शब्द वापरत असे.

उत्तरेच्या दारातून आत गेले की मार्बल हॉल लागतो. नाव संगमरवराचे असले तरी त्याचे वीस स्तंभ आहेत अलाबास्टरचे. हा जिप्समचाच एक मऊ, दुधाळ प्रकार. इथल्या स्तंभांत हिरवट आणि तांबूस शिरा आहेत. प्रत्येक स्तंभ सुमारे २५ फूट उंच. बाजूच्या भिंतींना खिडक्या नाहीत, उजेड छतातून उतरतो. रोमन घराच्या चौकात उभे असल्याचा भास व्हावा ही त्यामागची युक्ती. कोनाड्यांतले पुतळे मात्र प्राचीन मूर्तींवरून साच्यात ओतलेले आहेत.

त्यापुढचा सलून म्हणजे वर्तुळाकार दालन. रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळावरून ते घेतले आहे: व्यास ४२ फूट, उंची ६२ फूट, घुमटाच्या आतून खोलगट नक्षीदार चौकटी. दालन गोल असल्यामुळे दारेही भिंतीच्या वळणाप्रमाणे वाकवलेली आहेत. इंग्लंडच्या थंडीत एवढी पोकळी उबदार ठेवायची तर शेगडी हवीच; पण रोमन देवळात शेगडी शोभणार कशी? म्हणून कोनाड्यांत ओतीव लोखंडाच्या शेगड्या ठेवल्या, त्या यज्ञवेदीच्या आणि कलशाच्या रूपात.

छतांवरचे काम जोसेफ रोझ या गिलावा कारागिराच्या हातचे आहे. पानांच्या वेली, फुलमाळा, पदके हे सारे उथळ उठावाचे, इतके नाजूक की खालून रेखाटन वाटावे. आधीच्या पिढीची छते जड आणि सोनेरी असत. ॲडमने ती हलकी केली. छत, गालिचा, अग्निकोनाडा, फर्निचर एकाच हाताने आखायचे हा त्याचा आग्रह होता.

पूर्वेच्या बाजूला संगीत, चित्रे आणि ग्रंथ यांची दालने, तर पश्चिमेला भोजनगृह आणि राजेशाही शयनगृह आहे. तिथल्या पलंगाचे खांब ताडाच्या झाडासारखे कोरलेले असून वर झावळ्या फुटल्या आहेत आणि खाली मुळेही दिसतात. इतक्या संयमी घरात हा पलंग थोडा खट्याळच वाटतो.

या महालाची सावली भारतावरही पडली. गव्हर्नर जनरल वेलस्ली यांच्यासाठी कोलकात्यात १७९९ ते १८०३ या काळात बांधलेले गव्हर्नमेंट हाउस केडलस्टनच्याच आराखड्यावर बेतलेले आहे. चार्ल्स वायट यांनी तिथे चारही कोपऱ्यांच्या इमारती पूर्ण केल्या, म्हणजे मूळ आराखडा पुरा झाला तो हुगळीकाठी. केडलस्टनमध्येच जन्मलेले लॉर्ड कर्झन १८९९ मध्ये व्हाइसरॉय होऊन त्या वास्तूत राहायला आले. स्वयंपाकघर आवाराबाहेर असल्याची त्यांची तक्रार होती.